शेजारच्या सीटखालचा पत्रा

पासिंगचा साहेब गाडीखाली शिरला तेव्हा मी आत ब्रेक दाबून बसले होते. त्यानेच तसं सांगितलं होतं. खालून थोडी ठकठक ऐकू आली, मग शांतता, आणि माझ्या चपलेशेजारचं कार्पेट एकदम वर उचललं गेलं, खाली उंदीर शिरावा तसं. उंदीर नव्हता, साहेबाचा स्क्रूड्रायव्हर होता. "बाई, पाय वर घ्या," तो खालून म्हणाला. इतक्या अदबीने मला आजवर कोणी नापास केलं नव्हतं.

कागदावर त्याने लिहिलं, तळाचा पत्रा दोन्ही बाजूंनी गंजून कुजला आहे. दुरुस्तीला एकवीस दिवसांची मुदत. तेवढ्यात झाली तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात. सही करून पेनाला टोपण लावता लावता त्याने सांगितलं की इंजिन मात्र छान ठेवलंय. गेलेल्या माणसाचे दात चांगले होते म्हणावं, तसं.

गाडी म्हणजे सरकत्या दाराची जुनी व्हॅन. मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. लोकांच्या घरी जाऊन माप घ्यायचं, घरी आणून शिवायचं, परत नेऊन टांगायचं. रॉड, शिडी आणि कापडाचे तागे काखेत मारून बसमध्ये चढता येत नाही. गाडी गेली की काम गेलं, इतकं ते सरळ होतं.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघी बहिणींनी मिळून ती घेतली, तीही कोणीतरी सात वर्षं वापरलेली. ताई चालवायची, मी शेजारी बसायचे, मांडीवर कापडाचे नमुने आणि गळ्यात टेप. दोघी बिनलग्नाच्या, आईवडिलांच्या मागे त्याच तीन खोल्यांत राहिलेल्या. आता हे असंच चालायचं, हे आम्ही न बोलता ठरवलंय अशी माझी समजूत होती. मग वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ताईने लग्न केलं. एका दवाखान्याच्या पडद्यांचं काम होतं आणि तिथला निवृत्तीला आलेला स्टोअरकीपर ताईकडून पडदे मोजून घ्यायचा. तीन आठवडे तो तेच पडदे मोजत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ताई त्याच्याबरोबर चार तासांच्या वाटेवरच्या गावी गेली आणि मला एकोणपन्नासाव्या वर्षी भावोजी मिळाले आणि ड्रायव्हिंग शिकावं लागलं. दोन्हींची सवय व्हायला सारखाच वेळ लागला.

त्या संध्याकाळी फोनवर ताईला सगळं सांगितलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, जाऊ दे ती गाडी, इकडे ये. मागची खोली रिकामीच आहे.

मागच्या खोलीचं ती तीन वर्षं म्हणत होती आणि तीन वर्षं मी गाडीच्या आड लपत होते. गाडी आहे, कामं आहेत, गिऱ्हाइकं आहेत. आता गाडीच आडवी झाल्यावर माझ्याकडे दुसरं कारण उरलं नव्हतं. ती खोली मी पाहिली होती. इस्त्रीचं टेबल, भावोजींच्या फायली, उन्हाळ्यात बंद करून ठेवलेला हीटर. सकाळी भावोजी पेपर वाचणार, ताई त्यांच्यासमोर बसणार आणि मी हातात कप घेऊन कुठे बसावं ते ठरवत उभी राहणार. तिघांच्या घरात दोघांचं बोलणं थांबतं ना, ते कुणामुळे थांबलं हे तिसऱ्याला बरोबर कळतं.

"पत्रा बदलता येतो," मी म्हणाले.

"तुला पत्र्यातलं काय कळतं?"

काहीच कळत नव्हतं. पण कापडातलंही मला कोणी शिकवलं नव्हतं.

गॅरेजच्या गल्लीत शेवटच्या शेडमध्ये एक वेल्डर होता. गल्लीत त्याला सगळे 'दोनचष्मे' म्हणत, कारण वाचायचा चष्मा नाकावर आणि वेल्डिंगचा कपाळावर, आणि त्याला हवा असायचा तो नेमका दुसरा. साठीचा, एकटा काम करणारा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि आधीच सांगून टाकलं की तो घाई करत नाही आणि गंजावर वरून पत्रा चिकटवत नाही. बरेच जण तसं करतात, वरून डांबरासारखा लेप फासतात, गाडी पास होते आणि आत गंज निवांत वाढत राहतो. तो कुजलेलं सगळं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जाणार. मी म्हटलं, आमच्यातही तसंच आहे, विरलेल्या कापडावर ठिगळ लावलं तर टाका धरतच नाही. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, अर्थात चुकीच्या चष्म्यातून.

त्याचे हात दोनच होते आणि माझे दिवस मोजके, म्हणून ठरलं की रोज दुपारी मी मदतीला यायचं. मला तो पडदेबाई म्हणू लागला.

आधी सीटा काढल्या. एक बोल्ट फिरला नाही, तुटलाच. मग कार्पेट.

त्या कार्पेटबद्दल सांगायला हवं. गाडी घेतली त्याच वर्षी मी ते शिवलं होतं. गडद लाल, खाली दोन बोटं जाडीचा फोम, कडेला पायपिंग. गिअरच्या दांड्याभोवती, सीटांच्या पायांभोवती, दाराच्या उंबऱ्यापर्यंत, अंगावर बेतलेल्या ब्लाउजसारखं बसवलेलं. कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कोणी विचारलं असतं, तर मी तेच दाखवलं असतं. विचारलं नाही तरी दाखवायचेच.

दोनचष्म्याने कड धरून ते ओढलं तेव्हा ओल्या चिंध्यांचा वास आला. फोममधून पाणी ठिबकत होतं. खाली पत्रा नव्हताच, जुन्या भिंतीला सुटतात तसे तपकिरी पोपडे होते आणि पोपड्यांमधून शेडची जमीन दिसत होती. चालवणाऱ्याच्या बाजूच्या भोकातून मला जमिनीवर पडलेला एक नट आणि त्याला वळसा घालून जाणारी मुंगी स्वच्छ दिसली.

त्याने फोम मुठीत पिळला. काचेच्या कोपऱ्यातून थोडं पाणी आत येतं, तो म्हणाला, ते कुठल्याही जुन्या गाडीत येतं, आणि तळाला मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून निघून जातं, उरलेलं वाळतं. इथे भोकंही झाकलेली आणि हवेला शिरायला जागाही नाही. मग कार्पेटची कड बोटांत धरून त्याने शिलाई पाहिली, अगदी जवळ नेऊन.

"ज्याने शिवलंय त्याचा हात फार चांगला आहे," तो म्हणाला. "जरा वाईट असता तर गाडी वाचली असती."

"असेल कोणीतरी," मी म्हणाले.

मग त्याने शेजारच्या बाजूचा तळ खरवडला आणि थांबला. ही बाजू वेगळी होती. तिकडचा गंज आठ-दहा वर्षांचा, इकडचा कोवळा, दोन-तीन वर्षांचा. "तोपर्यंत ही बाजू कोणीतरी वाळवत होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, कोणी नाही, कोण वाळवणार. त्याने खांदे उडवले आणि विचारलं की इकडचंही तिकडच्यासारखंच नीट करायचं का, इथे बसतं कोण?

"कोणी नाही," मी म्हणाले. "साहेबाला चालेल एवढं ठिगळ लावा."

चालवणाऱ्याच्या बाजूला मात्र नवा खोलगट पत्रा बसवायचा होता, कोपऱ्याकोपऱ्यांचा. त्याचा कागद कापायला त्याने मला सांगितलं. कुजलेल्या तळाचं माप घेता येत नव्हतं, कार्पेटचं येत होतं, ते तर तळावरच बेतलेलं. कडेला बोटभर जास्त ठेवा, दुमडायला, तो म्हणाला. आम्ही त्याला दाब म्हणतो, मी म्हटलं. तोही हसला, म्हणाला, नाव काही असू दे, विसरू नका. मी कार्पेट घडी घालून रिक्षात टाकलं आणि घरी नेलं. रात्रभर ते गच्चीच्या कठड्यावर निथळलं.

सकाळी बेतायच्या टेबलावर ते पसरलं. हे टेबल दोघींचं होतं. एका टोकाला मी कापायचे, दुसऱ्या टोकाला ताई गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावत चहा प्यायची. अजूनही मी माझ्याच टोकाला कापते. दुसऱ्या टोकावर काही ठेवत नाही. ठेवायला बंदी आहे असं नाही, पण ठेवत नाही.

शेजारच्या बाजूचा कोपरा हाताखालून गेला आणि काहीतरी खुपलं. माझी शिलाई मशीनची, बारीक, एकसारखी. या कोपऱ्यात हातभर लांबीची शिलाई हाताने घातलेली होती. एक टाका लांब, एक आखूड, मधेच गाठ, गाठीवर भीतीपोटी आणखी एक गाठ. आणि एकदाच नाही. पायपिंगला जुन्या भोकांच्या रांगा होत्या, एकीखाली एक. उसवलं, शिवलं, परत उसवलं, परत शिवलं. मी मोजल्या. आठ वेळा.

फोममध्ये माझी वाकडी सुई खोचलेली होती.

जाड कापड शिवायची ती अर्धगोल सुई दर वर्षी एकदा घरातून नाहीशी व्हायची, पावसाळा संपता संपता. दोन दिवसांनी सापडायची, तीही भलत्याच डब्यात. घरात माणसं दोन, त्यामुळे चोर शोधायला वेळ लागायचा नाही. मी ताईला फैलावर घ्यायचे. ती म्हणायची, हो बाई, मीच घेतली, दात कोरत होते. ताईला सुई म्हणजे डॉक्टरकडची तेवढीच माहीत. तिच्या शर्टाचं बटणही मी लावायचे. शेवटच्या वर्षी सुई गेली ती सापडलीच नाही आणि तीन महिन्यांनी ताईचं लग्न झालं. बहीण गेली ती गेली, माझी सुईही घेऊन गेली, असं मी गिऱ्हाइकांना हसून सांगायचे. सगळे हसायचे. ती सुई इथे होती, गंजलेली, नेढ्यात वीतभर काळा दोरा ओवलेला. पुढच्या वर्षासाठी तयार ठेवलेली.

वर्षातून एका रविवारी ताई म्हणायची, गाडी धुऊन आणते. आणि चार-चार तास यायची नाही. मला वाटायचं, तिला माझ्यापासून जरा सुटका हवी असेल. मी रुसायचे आणि जेवणाचं ताट झाकून ठेवायचे, ते मुद्दाम आवाज करून. त्या वेळात ती कुठल्यातरी उन्हात दार उघडं टाकून, वाकडं बसून, माझ्या पायाखालचा कोपरा उसवत होती, वर्तमानपत्रं कोंबून वाळवत होती आणि जमेल तसा शिवत होती. फक्त माझ्याच बाजूचा. स्वतःच्या बाजूला तिने एक टाकाही उसवला नव्हता.

थंडीत माझ्या पायाची बोटं बधिर होतात. मी त्याची फार तक्रार करायचे.

मग मी कागद कापला. नीट कापला, दाब सोडून, दुमडायच्या रेषा आखून. दोनचष्म्याने त्यावरून पत्रा कापला, संध्याकाळपर्यंत ठोकून ठोकून खोलगट केला, कडा वळवल्या. दुसऱ्या दिवशी तो जागेवर धरला, तर बसेना. फिरवला, तिरका केला. मग शांतपणे बाजूला ठेवला, दोन्ही चष्मे काढले आणि डोळे चोळले.

"पडदेबाई, कार्पेट टेबलावर कसं ठेवलं होतं? सुलट की उलट?"

उलट. मी चाळीस वर्षं कापड उलटं टाकूनच आखत आलेय, खडूची रेघ सुलट बाजूला येऊ नये म्हणून. त्या सकाळी तर मला माझं नावही उलटं लिहिता आलं असतं. पण कापड पलटता येतं. खोलगट ठोकलेला पत्रा पलटला की खड्ड्याचा उंचवटा होतो. त्याचा दीड दिवस आणि एक चांगला पत्रा मी वाया घालवला होता आणि मुदतीतले अकरा दिवस उरले होते.

मी माफी मागितली. पत्रा उचलून त्याने सहज शेजारच्या बाजूला टेकवून पाहिला आणि तो तिथे बसला. अगदी चपखल नाही, गिअरच्या बाजूने थोडा कापावा लागणार होता, पण बसला. उजव्याचा डावा झाला होता, एवढंच.

इथे तर ठिगळच लावायचंय ना, तो म्हणाला, कोणी बसत नाही म्हणालात. हा ठेवून देतो, दुसऱ्या गाडीला होईल.

"नको," मी म्हणाले. "हा लावा. सगळं कुजलेलं काढा आणि नीट लावा."

त्याने विचारलं नाही का ते. कामाची माणसं विचारत नाहीत, हे मला त्यांचं आवडतं.

दुसरा कागद मी त्याच्यासमोर शेडमध्येच कापला, कार्पेट सुलट टाकून. त्याने तरीही दोनदा पलटून पाहिला. मग चार दुपारी नुसतं तारेच्या ब्रशने घासणं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. वेल्डिंग तो सलग करत नव्हता. एक टाका इथे, मग पार समोरच्या कडेला, मग कोपऱ्यात, मधे थांबून थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून मुरडतो. मी ओलं पोतं घेऊन बसायचे, ठिणगी वायरीकडे गेली तर दाबायला. तोंड फिरवून बसायचं, नाहीतर डोळे जातात. त्यामुळे आम्ही पाठीला पाठ लावून तासन् तास बसायचो आणि कोणी काही बोलायचं नाही. तीन वर्षांत इतका वेळ माझ्याजवळ दुसरं माणूस नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या हातातलं पोतं वाळून गेलं होतं आणि त्याने हाक मारली, पाणी, पडदेबाई, पाणी.

शेवटी तांबडा प्रायमर, सांध्यांना भरण, वरखाली काळा लेप. तळाच्या भोकांना पाणी खाली सोडणारी रबराची बुचं बसवली आणि मला बजावलं की ही झाकायची नाहीत, वर्षातून एकदा काढून पाहायची. आणि कार्पेट नको. जाडा रबरी मॅट टाका, उचलता येईल असा.

"ते कार्पेट मी शिवलं होतं," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी तुम्ही त्याची घडी घातलीत तेव्हाच कळलं. टाकायच्या वस्तूची अशी घडी कोणी घालत नाही."

एकोणिसाव्या दिवशी पासिंग. तोच साहेब. या वेळी त्याने छोटी हातोडी आणली होती. खालून एकेक ठोका ऐकू येत होता आणि प्रत्येक ठोका स्वच्छ, घट्ट वाजत होता. चालवणाऱ्याच्या बाजूला पाच-सहा ठोके, शेजारच्या बाजूला तर त्याने जरा जास्तच मारले. बाहेर येऊन त्याने विचारलं की काम कोणाचं, आणि शिक्का मारला.

फाटकाबाहेर गाडी उभी केली आणि ताईला फोन लावला. पास झाली, म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "म्हणजे तू येत नाहीस."

मी सुईचं सांगितलं. कुठे सापडली, तेही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कसं सांगू? आठ दिवस तू गाडीचं दार उघडून रस्त्यावरच्या माणसांना ते कार्पेट दाखवत होतीस. त्याखाली पाणी साचतं हे कुठल्या तोंडाने सांगायचं?" मग म्हणाली, "तुझे पाय गार पडायचे. टाके कसे होते?"

"भयंकर."

"तरी शेवटचे बरे जमले होते."

ते सगळ्यात वाईट होते, पण मी हो म्हटलं.

मग तिने सांगितलं की मागच्या खोलीतल्या फायली भावोजींनी परवाच माळ्यावर टाकल्या. इस्त्रीचं टेबलही हलवलं. सुताराला बोलावून भिंतीला लागून एक टेबल करून घेतलं होतं, लांब, कमरेएवढ्या उंचीचं. सुतार विचारत होता, एवढ्या उंच टेबलावर जेवणार कसे.

बेतायचं टेबल कमरेएवढं लागतं. नाहीतर वाकून वाकून पाठ जाते. हे तिला मी पंचवीस वर्षं ऐकवलं होतं.

तीन वर्षं मी समजत होते की ती मला जागा देतेय. ती दुसऱ्या टोकाला चहाचा कप घेऊन बसायला टेबल शोधत होती, हे मला गाडी पास झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी कागद कापला असता की नाही, सांगता येत नाही. आता कागदावर शिक्का होता, डिकीत रॉड होते, चार घरांचे पडदे लावायचे बाकी होते, आणि माझं घर माझं होतं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

"त्या खोलीला पडदे आहेत का?" मी विचारलं.

"नाहीत."

"मग माप घ्यायला यावं लागेल. गुरुवारी येते."

"मुक्कामाला?"

"मापाला," मी म्हणाले. "पण चार तासांचा रस्ता आहे. एका दिवसात होणार नाही."

फोन ठेवून गाडी सुरू केली. कार्पेट नसलं की गाडीत किती आवाज असतो ते पहिल्यांदाच कळत होतं. खडी, पाणी, रस्त्याचे जोड, सगळं पायाखाली ऐकू येत होतं. रेडिओ लावून उपयोग नव्हता. शेजारच्या सीटवर मी टेप आणि नमुन्यांची पिशवी ठेवली होती. वळणावर ती घसरून खाली पडली, नव्या पत्र्यावर, आणि ठण्‌ असा आवाज झाला. सिग्नलला थांबले तेव्हा मी वाकून ती उचलली, आणि मग उगीचच हाताची पालथी बाजू तिथे टेकवून पाहिली. कोरडं होतं.